पेरोआ

बाहेरून नाही, जुसारा. बाहेरून नुसती सुरी मरते.
याच्या अंगाला खवलं कसली,
फरशी बसवलीय देवानं, सांध्यांत सिमेंट भरून.
आधी पाठीवरचा काटा बघ. उभा आहे ना?
दाब. अजून दाब. सगळं वजन टाक.
नाही हलायचा. माझा नवरा लटकला असता तरी नसता हलला.
आता त्याच्या मागचा हा बारका,
ज्याच्याकडे कुणी बघत नाही,
त्याला नुसतं बोट लाव.
टक्.
बघ, मोठा कसा मुकाट निजला.

हसू नको. सुरी धर.
डावरी आहेस होय? मग त्या अंगाला उभी राहा,
माझ्या कोपरात येऊ नकोस.
पोटाखाली, जिथून तो घाण टाकतो,
तेवढी एकच जागा मऊ. टोक तिथून आत,
पातं आभाळाकडे,
आणि कातडीखालून चालत ये कल्ल्यापर्यंत,
बिलाचं पाकीट फोडतात तसं, आतून बाहेर.
मग बोटांना जाडं मीठ, हातात पक्कड,
आणि ओढ.
हा आवाज. ओली ताडपत्री फाटल्यासारखा.
पहिल्या दिवशी अंगावर काटा येतो,
पुढं त्याच्याशिवाय करमत नाही.

हो, गुरगुरतात ते बादलीत.
शिव्या देतात म्हण. देऊ देत.
दात बघ, माणसासारखे आहेत. बोट सांभाळ.

*

ग्वारापारीच्या धक्क्यावर पहाटे चारपासून
आम्ही दोघी. दिव्याभोवती किडे, पायात रबरी बूट,
कातड्यांचा ढीग गुडघ्याएवढा.
मिनासहून माणसं येतात,
त्यांना समुद्र वर्षातून सातच दिवस भेटतो.
त्यांना पेरोआ पांढरा हवा, अख्खा तळलेला,
वर लिंबू, शेजारी केळ्याचे काप,
आणि तो कधी काळा, खरखरीत होता
याची आठवण नको.

सतरा महिने सोलले तिनं.
तिच्या हातची चीर उलट्या अंगाला कलायची.
मी रोज म्हणायचे, सरळ कर. ती रोज म्हणायची, सरळच आहे.
मग एकदा किलोमागे पन्नास सेंताव्हो जास्त मागितले.
मी म्हटलं,
आधी उजव्या हाताच्या बायकांइतके सोल, मग माग.
तिनं पक्कड मिठात ठेवली.
पुसूनसुद्धा नाही ठेवली. गंजली ती.
तशीच वापरते अजून.

*

साठी झाली तेव्हा आदेल्मो तेलाच्या फलाटावरून सुट्टीवर आला.
म्हणाला, आई, आज तू बसून खायचं.
कागदी टेबलक्लॉथ. वाऱ्यानं उडू नये म्हणून चिमटे.
पोरगा वाटावा असा वेटर मला सेन्योरा म्हणाला,
मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतोय.

ताट आलं.
मी काटाचमचा उचलला नाही.
कल्ल्यामागची चीर डावीकडून कललेली,
तळून आणखीच उघडली होती, हसल्यासारखी.
शेपटीजवळ नखाएवढी कातडी राहिलेली.
तेवढं तिचं कायम राहायचं.

कुठून येतात रे मासे? विचारलं.
पेट्यांतून, सेन्योरा, तो म्हणाला. बर्फाच्या.

बोट लावून बघितलं पाठीवर,
जिथं तो बारका असतो, मोठ्याच्या मागं.
काटे तर कातडीबरोबर गेलेले.
गरम तेल लागलं बोटाला, एवढंच.

आदेल्मो म्हणाला, गार होतंय.
लिंबू पिळलं. दोन्ही बाजू खाल्ल्या.
चांगला सोलला होता.
नखाएवढी ती कातडीही खाल्ली,
बराच वेळ दाताखाली राहिली.